जपानी शब्दाचं मूळ ओळखायचं कसं: वागो, कांगो आणि गाइराइगो

जपानी शिकायला लागून चार-सहा महिने झाले की वर्गात एक तक्रार हमखास ऐकू येते. 'सुरू करणं' म्हणून 'हाजिमेरु' पाठ केलं, पुढच्या धड्यात 'काइशि सुरु' आलं, आणि ऑफिसातला जपानी माणूस म्हणतो 'सुताऽतो सुरु'. अर्थ तोच, मग एका कामाला तीन-तीन शब्द कशाला? शिक्षक सांगतात, सवयीने कळेल. कळतंही. पण सवय लागायची वाट बघत बसण्यापेक्षा शब्द भेटला की आधी त्याचं मूळ विचारायची खोड लावून घेतली तर बरंच पाठांतर वाचतं. मूळ कळलं की शब्द वाचायचा कसा, त्याला 'ओ' लावायचा की 'गो', विशेषण 'इ'चं की 'ना'चं, शेजाऱ्याशी बोलताना वापरायचा की अर्जात लिहायचा, हे सगळं बऱ्याच अंशी त्यातूनच निघतं.

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपण 'गृहकर्ज' म्हणतो, 'घरकर्ज' म्हणत नाही. उलट 'घरभाडं' म्हणतो, 'गृहभाडं' नाही. आणि बँकेतला माणूस दोन्ही सोडून 'होम लोन' म्हणतो. कोणता शब्द कुठे बसतो हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण चुकला की कानाला खटकतो. जपानी माणसाचा कान असाच तीन थरांत विभागलेला असतो.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. जपानी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर दुप्पट लांबवायचा. ई आणि ऊ दिसले तर ते खरोखर दीर्घ म्हणायचे. यात ढिलाई नको. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर.

१. आधी चार खाने आखा

पहिला खाना वागो. हे अस्सल जपानी शब्द, यांनाच 'यामातो कोतोबा' असंही म्हणतात: यामा (डोंगर), मिझु (पाणी), हाना (फूल), ताबेरु (खाणं), ताकाइ (उंच, महाग). भाषेचा सांगाडा यांचाच. सगळे शब्दयोगी प्रत्यय, 'हा-तो-इथे-तिथे'चे शब्द आणि रोजची बहुतेक क्रियापदं यात येतात.

दुसरा खाना कांगो. चीनमधून कांजी (चिनी लिपी, आणि तिचं एकेक अक्षरही) आली, तिच्याबरोबर तिचे चिनी उच्चारही आले आणि जपानी तोंडात बसले. त्या उच्चारांनी बनलेले शब्द म्हणजे कांगो: गाक्कोऽ (शाळा), देन्वा (फोन), शिन्बुन (वर्तमानपत्र). यातले पुष्कळ शब्द चीनमधून आयात झालेलेच नाहीत. ते जपानमध्ये घडवले गेले. मेइजि काळात (१८६८-१९१२) पाश्चात्त्य विद्या आली तेव्हा विचारवंत निशि आमाने यांनी तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' हा शब्द केला, आणि तो पुढे चिनी भाषेनेच उचलला. आपल्याकडे संस्कृत धातूंवरून 'दूरदर्शन' किंवा 'महानगरपालिका' घडवले, त्यातलाच प्रकार. फरक एकच, पण मोठा: संस्कृत आणि मराठी एका कुळातल्या आहेत, चिनी आणि जपानी नाहीत. त्यामुळे कांगो शब्द जपानी व्याकरणात थेट मिसळत नाही, त्याला आधार द्यावा लागतो. ते चौथ्या पायरीत येईल.

तिसरा खाना गाइराइगो, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकापासून पुढे युरोपीय भाषांतून आलेले शब्द. चिनी भाषेतून अलीकडे थेट बोली उच्चारासकट आलेले 'राऽमेन' किंवा 'ग्योऽझा'सारखेही यातच धरतात. चौथा खाना कोन्शुगो, मिश्र शब्दांचा: 'केशिगोमु' (खोडरबर) यात 'केशि' वागो आणि 'गोमु' डच, 'शोकुपान' यात 'शोकु' चिनी उच्चाराचा आणि 'पान' पोर्तुगीज.

कोणता खाना किती मोठा? जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९५६ सालच्या ९० मासिकांतले शब्द मोजले होते. वेगवेगळे शब्द मोजले तर कांगो सुमारे ४७ टक्के, वागो ३७ आणि गाइराइगो १० टक्क्यांच्या आसपास. पण तेच शब्द किती वेळा वापरले गेले ते मोजलं तर वागो ५४ टक्क्यांवर जातात, कांगो ४१ वर येतात आणि गाइराइगो ३ च्या घरात. पाहणी जुनी आहे आणि काताकाना शब्द (मुख्यतः परक्या शब्दांसाठीच्या लिपीत लिहिलेले) तेव्हापासून वाढलेच आहेत, पण अभ्यासाचा क्रम ठरवायला ती पुरते. वागो थोडे पण सतत लागणारे, म्हणून ते आधी आणि पक्के. कांगो अफाट, म्हणून ते एकेक शब्द न घोकता कांजीच्या जोड्यांनी शिकायचे.

२. लिपी बघा, पण तिच्यावर विसंबू नका

पहिला अंदाज डोळ्यांनी बांधता येतो. कांजीला हिरागाना या उच्चारलिपीचं शेपूट असेल (ताबेरु, ताकाइ) तर वागो. दोन कांजी शेजारी आणि शेपूट नाही, तर बहुधा कांगो. काताकाना असेल तर बहुधा गाइराइगो.

यातल्या 'बहुधा'ला फार वजन आहे. प्राण्या-वनस्पतींची नावं अस्सल जपानी असली तरी पुष्कळदा काताकानात लिहितात, आवाजांचे शब्दही. उलट 'ताबाको', 'काप्पा' (पावसाळी अंगरखा) आणि 'तेन्पुरा' यांना कांजी चिकटवलेली दिसते. त्यातले पहिले दोन पोर्तुगीजांकडून आलेले आहेत, आणि तेन्पुराही त्यांच्याकडूनच आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'सुशि' अस्सल जपानी आहे, पण तिच्या फलकावरची प्रचलित कांजी नुसत्या उच्चारासाठी आणि शुभ अर्थासाठी निवडलेली आहे.

सगळ्यात फसवे ते एका कांजीचे छोटे शब्द. निकु (मांस), ए (चित्र), किकु (शेवंती), होन (पुस्तक), एकि (स्टेशन), च्या (चहा) हे इतके घरगुती वाटतात की वागोच असणार असं वाटतं. सगळे चिनी उच्चाराचे आहेत. मांसाला जुना जपानी शब्द 'शिशि' होता, तो रोजच्या वापरातून गेला.

शंका आली तर कांजीचा कोश उघडा. जपानी कोशांत, आणि सरकारच्या २,१३६ नित्योपयोगी कांजींच्या यादीतही, चिनी उच्चार (ओन्योमि) काताकानात आणि जपानी उच्चार (कुन्योमि) हिरागानात छापतात. शब्दातला उच्चार कोणत्या लिपीत दिला आहे ते बघितलं की निकाल लागतो. मोबाइलवरच्या बहुतेक कोशांतही हाच संकेत पाळलेला असतो, पण विद्यार्थी त्याकडे सजावट समजून दुर्लक्ष करतात.

३. कानाने ओळखा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बोलताना समोर लिपी नसते. आणि इथे देवनागरी येणाऱ्याला एक फायदा आहे.

जपानी काना (हिरागाना-काताकानाची अक्षरं) ज्या क्रमाने शिकवतात तो आठवा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे. संस्कृत अक्षरविद्या शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे तो तिकडे रुजला. आता 'ना' आणि 'मा' यांच्या मधे बघा. आपल्याकडे त-वर्गानंतर प-वर्ग येतो, तिथे जपानीत 'हा' बसलेला आहे. कारण तो मुळात 'पा' होता. पुढे ओठांतला 'फा' झाला आणि मग 'हा'. मधला टप्पा कागदावर सापडतो. १६०३ साली जेझुइट पाद्र्यांनी नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात 'हाना' हा शब्द 'फाना' असा आहे. त्याआधी, १५८८ मध्ये, युरोपहून परतणाऱ्या हारा मार्टिनो या जपानी तरुणाचं लॅटिन भाषण गोव्यात छापलं गेलं, त्यावर त्याचं आडनाव 'फारा' असं आहे.

याचा आज उपयोग असा: जपानी शब्दाच्या सुरुवातीला 'प' ऐकू आला तर तो वागो नाही आणि कांगोही नाही. तो गाइराइगो (पान, पिआनो) किंवा 'पिकापिका'सारखा अनुकरणवाचक शब्द. कांगोत 'प' येतो तो मधे, 'न्' किंवा जोड व्यंजनात: कान्पाइ, इप्पुन.

दुसरी खूण 'र'. अस्सल जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाही. शब्दांच्या भेंड्यांसारखा 'शिरितोरि' नावाचा खेळ जपानी मुलं खेळतात, त्यात शेवटी 'रा' किंवा 'रु' देऊन प्रतिस्पर्ध्याला अडकवायची युक्ती याच उणिवेवर चालते. रिंगो (सफरचंद) आणि रिसु (खार) बालवाडीतले शब्द वाटले तरी चिनी अक्षरांतून आलेले आहेत.

तिसरी खूण सुरुवातीचे ग, झ, द, ब. जुन्या वागोत हे शब्दारंभी नसत. आज आहेत ते बहुधा सुरुवातीचा स्वर गळून किंवा उच्चार बदलून आलेले: 'दोको' (कुठे) हा 'इझुको'पासून, 'बारा' (गुलाब) हा 'उबारा'पासून. म्हणून गिन्कोऽ, दाइगाकु, बेन्क्योऽ असे शब्द ऐकले की आधी कांगो गृहीत धरा. 'गारागारा', 'दोकिदोकि'सारखे अनुकरणवाचक शब्द या नियमाबाहेर. त्यांना जपानीत सगळं माफ असतं.

कांगोची स्वतःची घडणही ठरलेली आहे. एका कांजीचा चिनी उच्चार एक किंवा दोन मात्रांचा असतो. दुसरी मात्रा असलीच तर ती 'इ', 'न्', लांबलेला स्वर, 'कु', 'कि', 'त्सु' किंवा 'चि' एवढ्यांपैकीच: काइ, कान, कोऽ, गाकु, एकि, बेत्सु, निचि. शेवटच्या चार म्हणजे जुन्या चिनीतल्या अंत्य क् आणि त् यांना स्वर जोडून केलेली सोय आहे. त्यामुळे एका कांजीचा उच्चार सुट्या अक्षरांच्या तीन मात्रा भरला, जसं कोकोरो (मन), साकुरा, हिकारि (प्रकाश), तर तो वागोच. आणि क्यो, शु, र्यो अशी जोडाक्षरं आली तर बहुधा कांगो: र्योकोऽ (प्रवास), शाशिन (फोटो). 'क्योऽ' म्हणजे 'आज' हा मात्र वागो आहे. त्याचं जुनं रूप 'केफु'.

उरला संधी. दोन वागो जुळले की दुसऱ्याचं पहिलं व्यंजन मृदू होतं, याला 'रेन्दाकु' म्हणतात: ते + कामि = तेगामि (पत्र), हाना + हि = हानाबि (फटाके). दुसऱ्या शब्दात आधीच ग-झ-द-ब असेल तर तसं होत नाही: हारु + काझे = हारुकाझे. कांगोत हे क्वचित होतं, गाइराइगोत जवळजवळ नाहीच. कागदी पेला 'कामिकोप्पु'च राहतो. पण 'काप्पा' पोर्तुगीज असूनही 'आमागाप्पा' होतो. चारशे वर्षं राहून तो घरचा झाला, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

४. व्याकरण मुळावरून ओळखा

कांगो आणि गाइराइगो जपानीत येतात ते नामं म्हणून. क्रियापद करायचं तर 'सुरु' (करणं) जोडायचं: बेन्क्योऽ सुरु, क्यान्सेरु सुरु. विशेषण करायचं तर 'ना'. मराठीत 'सुरुवात करणं', 'कॅन्सल करणं' असंच चालतं, त्यामुळे हे आपल्याला सहज जमतं. आइ (प्रेम) किंवा शिन (विश्वास) अशा एकाक्षरी कांगोला 'सुरु' इतका घट्ट चिकटतो की एकच शब्द वाटावा: आइसुरु, शिन्जिरु.

'इ'ने संपणारी आणि थेट रूपं चालणारी विशेषणं जवळजवळ सगळी वागो: ताकाइ, सामुइ, कावाइइ. आता पहिल्या परीक्षेतली ठरलेली चूक घ्या. 'किरेइ' (सुंदर, स्वच्छ) 'इ'ने संपतो म्हणून विद्यार्थी 'किरेकुनाइ' असं नकारार्थी रूप करतात. 'किरेइ' कांगो आहे, त्यातला 'इ' चिनी उच्चाराचा भाग आहे, प्रत्यय नाही. म्हणून 'किरेइ ज्या नाइ'. 'यूमेइ' (प्रसिद्ध) आणि 'तेइनेइ' (विनयशील) यांचंही तसंच. 'किराइ' (नावडता) मात्र वागो असूनही 'ना'चं विशेषण आहे, कारण ते 'किराउ' या क्रियापदावरून आलेलं नाम आहे. तेवढं पाठ करा.

भिंत ओलांडणारे शब्दही आहेत, आणि ते मजेदार आहेत. फ्रेंच 'साबोताज'चा 'साबो' घेऊन त्याला क्रियापदाचा 'रु' लावला, झालं 'साबोरु', म्हणजे तास किंवा काम चुकवणं. 'गुगुरु' म्हणजे गुगलवर शोधणं. 'शिकाकु' (चौकोन) या कांगोला 'इ' लावून 'शिकाकुइ', आणि इंग्रजी शब्दाच्या तुकड्याला तोच 'इ' लावून तरुणांचा 'एमोइ' (भावुक करणारं).

५. 'ओ' की 'गो'

आदरार्थी उपसर्ग: वागोला 'ओ', कांगोला 'गो'. ओ-नामाए (नाव), ओ-तेगामि. पण गो-ज्यूश्यो (पत्ता), गो-रेन्राकु (संपर्क). गाइराइगोला शक्यतो काहीच नाही. अपवाद घरगुती वापराने झिजलेल्या कांगोंचे: ओ-च्या, ओ-देन्वा, ओ-र्योऽरि, ओ-शोकुजि. उलट्या बाजूने 'गो-युक्कुरि' (सावकाश होऊ द्या) हा वागो असून 'गो' घेतो. एवढ्यावर काम भागतं.

६. आकडे दोन रांगांत शिका

हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु ही वागो रांग. इचि, नि, सान ही कांगो रांग. वागो रांगेत एक गंमत आहे: हितो-फुता, मि-मु, यो-या या एक-दोन, तीन-सहा आणि चार-आठ अशा दुपटीच्या जोड्या आहेत, स्वर बदलून केलेल्या. एवढं लक्षात आलं की ती रांग निम्मीच पाठ करावी लागते.

दहाच्या पुढे वागो रांग थांबते आणि कांगो चालू होते. तारखांत १ ते १० वागो (त्सुइताचि, फुत्सुका...), पुढे कांगो, मधेच १४, २० आणि २४ पुन्हा वागो शेपटाचे. माणसं मोजताना हितोरि, फुतारि वागो आणि तिसऱ्यापासून सान्निन. कांगोतला चार म्हणजे 'शि', आणि मृत्यूही 'शि'. म्हणून तिथे वागो रांगेतला 'योन' आणून बसवतात. सातालाही 'शिचि'ऐवजी 'नाना' पुष्कळदा चालतो. मोठ्या संख्यांचे जुने वागो शब्द आता नावांत उरलेत: भाजीवाल्याला 'याओया' म्हणतात, त्यातला 'याओ' म्हणजे आठशे.

७. कोणासमोर कोणता शब्द

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. 'हाजिमेरु' घरात, मित्रांत, कुठेही. 'काइशि सुरु' सूचनाफलकावर, बातमीत, करारात. 'सुताऽतो सुरु' उत्साहाने नवं काही चालू करताना, जाहिरातीत. असेच किमारि, किसोकु, रूरु (नियम). काही वेळा वस्तूच बदलते: 'यादोया' म्हणजे साधी जुनी धर्मशाळेच्या अंगाने जाणारी खानावळ-मुक्काम, 'र्योकान' म्हणजे तातामि (गवताच्या चटया) अंथरलेली पारंपरिक निवासाची जागा, 'होतेरु' म्हणजे पलंगाचं पाश्चात्त्य हॉटेल. भात वाडग्यात आला तर 'गोहान', करी किंवा कटलेटशेजारी बशीत आला तर 'राइसु', आणि 'मेशि' म्हटलंत तर तुम्ही जवळच्या दोस्तांत आहात किंवा उद्धट आहात.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. चांगली भाषा म्हणजे संस्कृतप्रचुर भाषा ही सवय आपल्यात मुरलेली असते, आणि वरच्या पातळीची तयारी करणारे तीच जपानीत नेतात. घरमालकिणीला 'कोऽन्यू शिमाशिता' (क्रय केला) असं सांगतात. तिला कळतं, पण पावती वाचल्यासारखं वाटतं. 'काइमाशिता' म्हणा. विनम्रता क्रियापदाच्या रूपात असते, जड शब्दात नाही.

गाइराइगोबद्दल खुद्द जपानमध्येही कुरबुर आहे. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने २००३ ते २००६ या काळात सरकारी कागदांतल्या दुर्बोध काताकाना शब्दांना पर्याय सुचवले, एकूण १७६ शब्दांना. वृद्धांना समजावं हा हेतू होता. काही पर्याय पुस्तकातच राहिले. 'बारिआफुरी' (अपंगांना अडथळा नसलेली जागा) आजही बारिआफुरीच आहे.

८. कांगो कानावर पडला तर

कांगोचं दुखणं समानोच्चार. 'शिरित्सु' म्हणजे खाजगी संस्थाही आणि महापालिकेची संस्थाही. 'कागाकु' म्हणजे विज्ञानही आणि रसायनशास्त्रही. जपानी लोकांनाही हे अडतं, मग ते कांजीचा वागो उच्चार पुढे आणतात: खाजगीला 'वाताकुशिरित्सु', महापालिकेच्या संस्थेला 'इचिरित्सु', रसायनशास्त्राला 'बाकेगाकु'. म्हणून प्रत्येक कांजी तिच्या दोन्ही उच्चारांनी शिका. नवा कांगो ऐकलात की 'कोणती कांजी?' असं विचारायला लाजू नका. तेही एकमेकांना विचारतात.

काही कांगो तर वेष बदललेले वागो आहेत. 'दाइकोन' (मुळा) पूर्वी 'ओऽने' होता, म्हणजे मोठं मूळ. तो कांजीत लिहिला, मग कोणीतरी ती कांजी चिनी पद्धतीने वाचली आणि तेच रूढ झालं. 'हेन्जि' (उत्तर) हा 'काएरिगोतो'पासून, 'काजि' (आग लागणं) हा 'हि नो कोतो'पासून असाच झाला.

आणि काही कांगोंच्या तळाशी संस्कृत आहे. चिनी भाषांतरांतून बौद्ध ग्रंथ आले, त्यांतून क्षण झाला 'सेत्सुना', नरक झाला 'नाराकु', ध्यान झालं 'झेन', यम झाला 'एन्मा'. 'नाराकु' म्हणजे काबुकि रंगमंचाखालचं तळघरही. 'शारि' हा शरीरधातू, बुद्धाचे अस्थिकण; सुशीवाले भाताला शारि म्हणतात. 'दान'पासून 'दान्ना': आधी दान, मग दाता, मग धनी, आणि आता नवरा. परीक्षेत याला गुण नाहीत, पण हे शब्द तुम्हाला फुकट मिळालेले आहेत.

९. गाइराइगोचं गाव विचारा

सगळे काताकाना शब्द इंग्रजी समजणं ही आपली दुसरी मोठी घसरण. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले आणि 'पान', 'ताबाको', 'बोतान' (बटण), 'कारुता' (पत्ते) देऊन गेले. पान आणि आपला पाव एकाच पोर्तुगीज शब्दाचे. ताबाको आणि तंबाखूही. गोवा, वसई आणि नागासाकी तेव्हा एकाच व्यापारी वाटेवर होते.

मग डच. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं ते नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर कोंडलेले होते, तिथून 'बीरु', 'कोऽही', 'गारासु' (काच), 'गोमु' (रबर), 'मेसु' (शल्यक्रियेची सुरी) आले. मेइजि काळात वैद्यक जर्मनीकडून शिकलं गेलं, म्हणून रुग्णाचा केसपेपर 'कारुते', आणि विद्यार्थ्यांची अर्धवेळ नोकरी 'आरुबाइतो' तीही जर्मन. फ्रेंचने 'आन्केऽतो' (मतपाहणी) दिला, उत्तर जपानमधल्या आदिवासींच्या आइनु भाषेने 'राक्को' (पाणमांजराचा समुद्री भाऊ), रशियनने 'इकुरा' (माशाची अंडी).

यातून जुळे जन्मतात आणि ते वेगवेगळं काम करतात. 'गारासु' खिडकीची काच (डच), 'गुरासु' पिण्याचा पेला (इंग्रजी). 'कारुता' खेळायचे पत्ते, 'कारुते' दवाखान्यातला कागद, 'काऽदो' बँकेचं कार्ड. 'मिशिन' कपडे शिवतं, 'माशिन' इतर यंत्रं. 'सुतोराइकि' कामगारांचा संप, 'सुतोराइकु' बेसबॉलमधला. असे शब्द जोडीनेच लिहून ठेवा.

इंग्रजी शब्दांत धोका अर्थाचा. 'कोन्सेन्तो' म्हणजे विजेचा प्लग खुपसायची जागा, 'मान्श्योन' म्हणजे साधा फ्लॅट, 'कुरेऽमु' म्हणजे तक्रार, 'सुमाऽतो' म्हणजे सडपातळ. 'कान्निंगु' म्हणजे परीक्षेतली नक्कल; आपण त्याला 'कॉपी' म्हणतो, तेव्हा हसायला जागा नाही. 'बाइकिंगु' म्हणजे हवं तेवढं खा अशी मेजवानी; तोक्योच्या इंपिरियल हॉटेलने १९५८ साली तशा जेवणाच्या दालनाला दिलेल्या नावावरून तो शब्द आला. लांब शब्द दिसले की दोन-दोन मात्रा ठेवून बाकी छाटतात: पासोकोन, रिमोकोन. छाटलेलं रूप पाठ करा, मूळ इंग्रजी उच्चारून उपयोग होत नाही.

१०. आता एक वाक्य सोडवू

वहीत तीन रंग ठेवा, खानावार. दिवसाला एक खरी पाटी किंवा सूचना घ्या. उदाहरणार्थ:

कोनो बिरु नो एरेबेऽताऽ वा तेन्केन्च्यू देसु नोदे, काइदान ओ गो-रियोऽ कुदासाइ.

(या इमारतीच्या लिफ्टची तपासणी चालू असल्याने जिन्याचा वापर करावा.)

'बिरु' आणि 'एरेबेऽताऽ' गाइराइगो, पहिला छाटलेला. 'तेन्केन्च्यू' कांगो: दोनदा 'न्', मग जोडाक्षर, खुणा सगळ्या हजर. 'काइदान' कांगो. 'रियोऽ' कांगो, 'र'ने सुरू, आणि म्हणून त्याला 'गो'. कोनो, नो, वा, देसु, नोदे, ओ, कुदासाइ हा सगळा सांगाडा वागो. ओळख पटली की दुसरं काम: हेच वाक्य खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला सांगायचं आहे असं समजून कांगोच्या जागी वागो घाला. 'तेन्केन'ऐवजी 'शिराबेरु' (तपासणं), 'रियोऽ'ऐवजी 'त्सुकाउ' (वापरणं):

एरेबेऽताऽ, इमा शिराबेतेरु कारा, काइदान त्सुकात्ते ने.

'काइदान' मात्र बदललेला नाही. जिन्याला रोजच्या बोलण्यातही हाच शब्द आहे. वागोच्या हट्टाने 'हाशिगो' म्हणाल तर ती शिडी शोधायला जाईल.